ताई नको म्हणते

४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

रविवारी फोनवर बोललो तेव्हा हा विषय मुद्दामच काढला नाही. मोठी खरेदी असली की कागदावर विचारायचं आणि कागदावरच उत्तर घ्यायचं, ही अप्पांची पद्धत. ते सदा बाहेरगावी कामाला आणि आई घरी. शिवणयंत्र घ्यायचं झालं तरी आईचं पत्र जायचं, आणि अप्पांचं उत्तर आल्याशिवाय कुणी दुकानाची पायरी चढायचं नाही. अप्पांच्या मागे ती खुर्ची तुझ्याकडे आली. तू कितीही नाक मुरडलंस तरी ती तुलाच शोभते.

तर आमच्या घरात मोटारसायकल घ्यायचं चाललंय. साधी नव्हे, लांबच्या प्रवासाची, मोठी. आमच्या लॅबच्या कोपऱ्यावर शोरूम आहे, तिथे काचेत उभी असते. दुपारी डबा खाल्ला की मी चालत जाऊन बघून येतो. दोन्ही अंगांना पेट्या, मागे आणखी एक पेटी, पुढे वारा अडवायला काच. मागच्या सीटला पाठ आहे आणि हात टेकायलाही सोय आहे. मी ज्यांच्यासाठी कवळ्या बनवतो त्या डॉक्टरांची खुर्चीही इतकी ऐसपैस नसेल. विक्रेता म्हणाला, बसून तर बघा. मी नुसता हँडलला हात लावला आणि निघालो. वजन एवढं की आडवी झाली तर दोन माणसांनी उचलायची.

आता तूच सांग. ठेवायची कुठे? जिन्याखाली शेजाऱ्यांच्या सायकली असतात. मुलगी नोकरीला लांब गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. दोन माणसांना एवढं धूड कशाला? वयही काही विशीचं नाही. परवा एका आजोबांच्या कवळीचा चावा जुळवताना माझा हात थरथरला, मेण दुसऱ्यांदा तापवावं लागलं. हे सगळं तुला पाल्हाळ वाटेल, पण गाडं अडलंय खरं. तू काय ते स्पष्ट लिही, नेहमीसारखं.

तिचा नमस्कार.

तुझा,
धाकटा

&nbsp;

११ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

तुझं पत्र डब्याच्या सुट्टीत वाचलं आणि डबा तसाच परत आला.

आमच्या हॉस्पिटलातल्या प्लास्टरच्या खोलीत सध्या टेबलावर कोण झोपतं माहीत आहे का? पोट सुटलेले, केस गेलेले, नव्या गाडीवर जीव टाकणारे बाप्ये. आजच सकाळी एकाचा पाय बांधला. तो काही वाऱ्याच्या वेगाने जाताना पडला नव्हता. सिग्नलला उभा होता, गाडी जरा कलली आणि यांनी ती पायाने थोपवायला बघितली. गाडीला ओरखडा नाही, घोट्याचा मात्र भुगा. मी ओल्या पट्ट्या गुंडाळत होते आणि तो मला गाडीचं कौतुक सांगत होता. शेजारी त्याची बायको दोन हेल्मेटं धरून उभी. तिच्या तोंडाकडे बघवेना.

तू तर लहानपणी गल्ली ओलांडायची झाली तर सायकलवरून उतरून, ती हातात धरून ओलांडायचास. नाकासमोर चालणारा माणूस. आता पन्नाशी उलटल्यावर तुला कसले पंख फुटलेत? लॅबमध्ये कुणी नवी आली आहे का, जिच्यापुढे मिरवायचंय? रागावू नकोस, गंमत केली. पण गंमत तेवढीच.

आणि वहिनीचा विचार केलास का? ती बिचारी आठवडाभर कारखान्याची बस हाकते. सुट्टीच्या दिवशी तुझ्या मागे जीव मुठीत धरून बसायचं, हे तिने कशासाठी? तिला विचारलंस तरी का?

मी दमले आहे रे. निवृत्तीला अजून काही वर्षं आहेत आणि खांदा आत्ताच गेलाय. लोकांना जपा जपा सांगून माझं तोंड दुखतं, आणि तेच लोक दुसरा पाय घेऊन परत येतात. त्यात घरचं माणूस नको. तेव्हा लांबण लावत नाही. घेऊ नकोस. माझं उत्तर नको.

ताई

&nbsp;

१९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

पत्र मिळालं. खरं सांगू, छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं. जेवण झाल्यावर तिला वाचून दाखवलं. तुझं ते घोट्याचं ऐकून कुणालाही पटेल. विषय मिटला म्हणायचा.

तिने ताटं उचलली, घासली, पुसून जागच्या जागी ठेवली. मी टीव्ही लावू का विचारलं तर लावा म्हणाली. हल्ली ती सकाळी नेहमीपेक्षा लवकर निघते. बस धुवायची असते म्हणते. पूर्वी तिथले लोक धुवायचे, पण असेल काहीतरी.

तू खांद्याला शेक देत जा. लॅबमध्ये नवी कुणी नाही, असलेलेच कमी करताहेत.

तुझा,
धाकटा

&nbsp;

२ मार्च

ती. ताईंना नमस्कार.

मी स्वतः तुम्हाला पत्र लिहिण्याची ही पहिलीच वेळ. आजवर यांच्या पत्राच्या शेवटी ‘तिचा नमस्कार’ एवढीच माझी ओळ असायची, आणि तीही हेच लिहायचे.

ताई, मोटारसायकल यांना नको आहे. मला हवी आहे. चालवणार मी, मागे बसणार हे, असं माझं म्हणणं होतं. यांनी तुमचं पत्र वाचून दाखवलं तेव्हा मध्येच आवाज अडखळला, काहीतरी गाळलं. मी नंतर पत्र उचलून वाचलं. ‘तिला विचारलंस तरी का?’ असं तुम्ही लिहिलं होतं. मी ओट्यापाशी उभी राहून ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. म्हणजे तुम्हाला ठाऊकच नाही. तुम्ही मला यांच्या मागे बसवलंत आणि वर माझी कीवही केलीत.

माझं काम तुम्हाला माहीत आहे. सकाळी माणसं गोळा करायची, कारखान्याच्या फाटकाशी सोडायची, संध्याकाळी तीच माणसं परत. पाण्याच्या टाकीपाशी रस्ता फुटतो. डावीकडे कारखाना. सरळ गेलं की घाट लागतो, असं पाटीवर लिहिलंय. इतकी वर्षं मी तिथे डावा दिवा लावते. बस रिकामी असली, मागे कुत्रं नसलं, तरी लावते. मला तिथून सरळ जायचंय. आणि आरशात मागे पेंगणारी माणसं नकोत. छोटी गाडी घ्या असं तुम्हीही सांगाल, पण माझे हात मोठ्या गाडीला सवकलेत आणि मला दूर जायचंय, बाजारात नाही. पैसे मी साठवलेले आहेत. कुणापुढे हात पसरायचा नाही.

ताई, लिहायला बसलेच आहे तर सगळंच लिहिते. लांबच्या गाड्यांवर मला ड्रायव्हरची जागा मिळत होती, आठवतं? तुमचं पत्र आलं, नको. अंगण असलेल्या खालच्या खोल्या भाड्याने मिळत होत्या. तुमचं पत्र, नको. मुलगी शाळेत असताना तिला समुद्र दाखवायला न्यायचं ठरवलं होतं. गाडी भाड्याने घ्यायची आणि मी चालवायची. तुमचं पत्र, नको. दर वेळी हे वाचून दाखवायचे, नीट घडी घालायचे आणि म्हणायचे, “मी काय करणार, ताई नको म्हणते.” मग मी गप्प. मोठ्या नणंदेपुढे काय बोलायचं?

मनातल्या मनात मी तुम्हाला फार बोलले आहे. तुम्ही घरी आलात की हसून चहा द्यायचे आणि आतून धुमसायचे. आता वाटतं, मी भलत्याच माणसावर धुमसत होते का? तेवढं कळवा. भांडण काढायचं नाही मला, अंगात तेवढं त्राणही नाही. सकाळी बसच्या पायऱ्या चढताना गुडघा कुरकुरतो. आणखी चारदोन वर्षांनी हवं असूनही जमणार नाही, म्हणून विचारते आहे.

तुमची,
वहिनी

&nbsp;

९ मार्च

प्रिय वहिनी,

तुझं पत्र वाचून मी बराच वेळ प्लास्टरच्या पट्ट्या मोजत बसले, काही कारण नसताना.

लांबच्या गाड्यांचं मला चांगलं आठवतं. त्याने लिहिलं होतं, ‘तिला लांबच्या मार्गावर टाकताहेत, पाठ धरते, मुक्काम बाहेर.’ टाकताहेत! मला वाटलं, बाईमाणूस बघून अन्याय चाललाय. मी तुझी बाजू घेऊन तावातावाने नको लिहिलं. खालच्या खोल्यांची त्याने फक्त ओल कळवली होती, अंगणाचा चकार शब्द नाही. समुद्राच्या वेळी एवढंच, की पोरीला प्रवासात उलट्या होतात. तूच सांग, मी काय लिहिणार होते?

बघ, खोटं एकही लिहिलेलं नाही त्याने. उरलेलं तेवढं सांगायचं नाही, ही त्याची जुनी कला. लहानपणी त्याला खेळायला जायचं नसलं की दाराशी आलेल्या पोरांना म्हणायचा, ताई सोडत नाही. मी आतमध्ये अभ्यास करत असायचे, मला पत्ताही नसायचा. पोरं मला खाष्ट म्हणायची. माझ्या खांद्यावर बंदूक ठेवायची त्याला इतकी सवय झाली आहे, की खांदा दुखतो तो उगीच नाही.

आणि माझंही काही खरं नाही. घरात मला विचारल्याशिवाय पान हलत नाही, याचं मला सुख होतं. हॉस्पिटलात डॉक्टर सांगतात आणि मी करते. तुमच्या घरात मी सांगायचे. म्हणून मी कधी उलटून विचारलं नाही, की हे नक्की कुणाला हवंय. तुझ्या धुमसण्याचा थोडा वाटा माझ्याकडे राहू दे.

आता गाडीचं. मी हो म्हणणार नाही. टेबलावरची माणसं डोळ्यांपुढून हलत नाहीत आणि तुला तिथे बघायची माझी ताकद नाही. पण नकोही म्हणणार नाही. तुमच्या घरातलं हो आणि नको यापुढे तुमचं. फक्त घोटा झाकतील असे बूट घे, आणि गाडी कलली तर तिला खुशाल पडू दे. पाय मध्ये घालू नकोस.

तुझी,
ताई

&nbsp;

९ मार्च

धाकट्या,

वहिनीचं पत्र आलं. कुणाला गाडी हवी आहे ते कळलं, आणि आजवर माझ्या पत्रांचं काय केलंस तेही कळलं. मोठं पत्र लिहिण्याइतका राग आला होता, पण लिहायला बसेपर्यंत तो दमून गेला. मीही दमले.

अप्पांची खुर्ची मी सोडली. यापुढे खरेदीचं काही विचारू नकोस, मी उत्तर देणार नाही. वहिनीला गाडी घ्यायची आहे. तुझं त्यावर काय म्हणणं आहे ते तिच्यासमोर बसून, तुझ्या तोंडाने सांग. नको म्हणायचं असेल तर नको म्हण. पण तू म्हण.

ताई

&nbsp;

७ एप्रिल

प्रिय ताई,

तुझ्या त्या पत्रानंतर मी बरेच दिवस तुझ्यावर रुसून होतो. तुझे दोन फोन घेतले नाहीत. मनात म्हणत होतो, सख्खी बहीण असून ऐन वेळी हात झटकले. आता राग नाही. जे झालं ते तुला कळायला हवं, म्हणून लिहितो आहे.

पत्र आल्यावर मी ते लपवलं नाही, तिला दिलं. तिने वाचलं, परत दिलं आणि म्हणाली, आधी गाडी चालवून बघू, मग बोलू. सुट्टीच्या दिवशी आम्ही शोरूमला गेलो. मागे त्यांचं मोकळं मैदान आहे. विक्रेता माझ्याच हातात किल्ली द्यायला लागला. मी ती तिच्याकडे सरकवली तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. ती बसली, पाय टेकवून गाडी जरा इकडेतिकडे तोलून पाहिली, आणि निघाली. ताई, ती बस चालवते तशीच चालवत होती, घाई नाही, भपका नाही. वळताना मान आधी वळायची आणि मागून सगळी गाडी. मी भिंतीपाशी तिची पर्स धरून उभा होतो. तिच्या तोंडावर जे दिसत होतं ते मी आमच्या घरात कधी पाहिलेलं नव्हतं.

मग तिने मला मागे बसवलं. सीट खरोखरच ऐसपैस. पण वळण आलं, गाडी आत झुकली, आणि मला वाटलं आता पडतो, म्हणून मी सगळं अंग उलट्या बाजूला टाकलं. पुढच्या वळणाला तेच. ती ओरडून सांगत होती, माझ्याबरोबर झुका, काही करू नका. मला काही न करणंच जमेना. थांबताना ती तोल सांभाळत होती, तोच मी घाईने एका बाजूला पाय सोडला. गाडी सावकाश, आपल्याला विचारून पडावी तशी आडवी झाली. तिने तू सांगितल्याप्रमाणे पाय मध्ये घातला नाही, सरळ बाजूला झाली. मला कोपराला खरचटलं. आरसा तुटला, त्याचे पैसे तिने दिले. विक्रेता आणि ती, दोघांनी मिळून गाडी उभी केली. विक्रेता मला समजावत होता, की मागच्या माणसाने फक्त विश्वास टाकून बसायचं असतं. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक.

तिने घरी आल्यावर माझं कोपर धुऊन दिलं, औषध लावलं, आणि जेवायच्या टेबलाशी समोर बसली. म्हणाली, “आता ताईंचं पत्र नाही. तुमचं काय म्हणणं आहे?”

मी आधी जागेचं काढलं. मग पेट्रोलचं, तिच्या गुडघ्याचं, पडलेल्या गाडीचं. ती ऐकत राहिली. म्हणाली, हे सगळं ठाऊक आहे, पण यातलं तुमचं काहीच नाही. तिथून मला पळायला वाट नव्हती, ताई. टेबलाच्या पलीकडे ती आणि अलीकडे मी. शेवटी मी म्हणालो, “नको. घेऊ नकोस. तू एकदा त्या टाकीच्या रस्त्याने सरळ गेलीस, की इथे परत येण्यासारखं काय आहे, हे तुला कळेल. काही नाही. मी आहे, आणि मी असा आहे. म्हणून लांबच्या गाड्यांना नको, म्हणून अंगणाला नको, म्हणून समुद्राला नको. तुला बाहेरची गोडी लागेल याची मला पहिल्यापासून भीती वाटते.”

बोलून झाल्यावर मी औषधाच्या बाटलीचं झाकण उगीच घट्ट करत बसलो.

ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. मग म्हणाली, “हे तेव्हाच सांगितलं असतंत तर मी थांबले असते. लांबच्या गाड्यांच्या वेळी थांबले असते. आनंदाने थांबले असते हो. माझा नवरा बहिणीला घाबरून नव्हे, माझ्यावाचून राहवत नाही म्हणून नको म्हणतो, हे ऐकायला मला किती आवडलं असतं.”

मी विचारलं, “आणि आता?”

“आता नाही थांबत,” ती म्हणाली आणि उठून दिवे घालवायला लागली.

गाडी गेल्या आठवड्यात आली. शेजाऱ्यांशी ती स्वतः बोलली. त्यांनी जिन्याखालच्या सायकली सरकवल्या आणि वर तिला एक फेरीही मारायला लावली. इतके दिवस मी ज्या जागेचं रडगाणं गात होतो ती एका संध्याकाळी झाली. बूट तिने घोट्याच्या वरपर्यंतचे घेतलेत, ते तुला कळवायला सांगितलंय. मला म्हणाली, चला मागे, हळू नेते. मी नाही म्हणालो. या वेळी कुणाचं नाव न घेता म्हणालो. मला मागे बसवून तिला सारखं सावरावंच लागेल, आणि तेवढं तिने पुष्कळ केलंय.

परवा सकाळी गेली. रजा टाकली आहे. एका पेटीत कपडे, दुसरीत तिचा चहाचा थर्मास आणि कसलीशी हत्यारं. मी फाटक धरून उभा राहिलो. तिने मला चौथ्या दिवशी, म्हणजे उद्या, संध्याकाळी येते म्हणून सांगितलं, मी विचारलं नव्हतं तरी. टाकीपाशी पोहोचली असेल तेव्हा मी कपबशा धूत होतो. एकच कप होता खरं तर. घर इतकं गप्प आहे, की शेजारच्यांचं भांडण ऐकायला मी खिडकी उघडी ठेवली.

उद्या ती येईल, याची मला खात्री आहे. आली की पुन्हा जाईल, हेही मला दिसतंय. तिच्या जाण्याला माझी हरकत आहे, ताई. ती हरकत मी माझ्या तोंडाने तिला सांगितली, तिने पूर्ण ऐकून घेतली, आणि मग ती गेली.

तुझा,
धाकटा